एक स्टार, पातळ सूप

बुधवार, ३ सप्टेंबर

आमचं टेबल गेलं!

चार वाजता कोपऱ्यावर पोचले तर बाहेर रांग. कोपऱ्यावर, रांग! एकोणीस वर्षं जातेय मी तिथे. सहा टेबलांचं छोटं हॉटेल, बुधवारी दुपारी चिटपाखरू नसतं. आणि आज अकरा माणसं दाराबाहेर. आमचे मास्तर सगळ्यांत मागे, काठीवर दोन्ही हात ठेवून. जन्मभर पोरांना रांगेत उभं केलं, आता स्वतः उभे.

टपालवाली म्हणाली, "ताई, पेपर नाही वाचला?" पिशवीतून काढून दाखवलाच तिने. रविवारची पुरवणी. मित्रमैत्रिणींबरोबर जावं अशा दहा साध्या, स्वस्त जागा. आमचा कोपरा सातवा! आणि फोटो कशाचा, तर आमच्या खिडकीजवळच्या टेबलाचा. त्यात माझी खुर्ची.

मालक घामाघूम. "टेलरबाई, आज जरा थांबावं लागेल." मला म्हणाले! त्यांचे पडदे दोनदा शिवून दिलेत मी. पन्नास मिनिटं उभे राहिलो. मास्तरांचे गुडघे ठणकत असणार, पण ते बोलतील तर शपथ.

बुधवार, १० सप्टेंबर

टेबल मिळालं. म्हणजे दोन टेबलं, खोलीच्या दोन टोकांना. मी आणि वन्सं बाथरूमच्या दारापाशी. दर दोन मिनिटांनी ते दार माझ्या पाठीत. पलीकडे मास्तर आणि टपालवाली. मास्तर हातवारे करून काहीतरी सांगत होते. मला वाटलं, साखर हवीय. उठून नेऊन दिली, तर म्हणाले, "अहो, नात झाली मला, नात!" इतकी मोठी बातमी आणि मी हातात साखर घेऊन उभी. डोळेच भरले माझे, काय सांगू.

परत येताना वन्सं म्हणाल्या, "वहिनी, घरीच भेटत जाऊ या का?" कुणाच्या घरी? माझं तिसऱ्या मजल्यावर, मास्तर चढणार कसे. मास्तर मुलीकडे राहतात, तिथे चौथा माणूस आला की मुलीच्या कपाळावर आठी. टपालवालीची सासू अंथरुणाला खिळलेली. आणि वन्संची एक खोली, त्यात पलंग. हे गेले तेव्हा नणंद माझ्या गळ्यात पडेल म्हणून लोक हळहळले होते. पडली ते बरंच झालं. या बाईइतकं कुणी माझं ऐकून घेत नाही. पण तिच्या पलंगावर चौघं कसे बसणार?

कोपरा नाही तर आम्ही चौघं नाही. सरळ हिशोब आहे.

गुरुवार, ११ सप्टेंबर

वन्सं दुकानात आल्या. मी एका पँटची कंबर सैल करत होते. "वहिनी, फोनवर लिहायचं कसं गं?" कुणाला? "असंच. सगळ्यांना." शिकवलं. पाऊण तास गेला. पँटचं गिऱ्हाईक येऊन बसलं तरी यांचं 'काना कुठे असतो' चालूच.

शनिवार, १३ सप्टेंबर

केलं एकदाचं!

सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन घेतला आणि कोपऱ्यावर रिव्ह्यू टाकला. नाव घेतलं 'दुखावलेलं गिऱ्हाईक'. एक स्टार. शून्य देऊ देत नाहीत. लिहिलं — 'पेपर वाचून फसलो. सूप म्हणजे गरम पाणी. खिडकीजवळची खुर्ची डुगडुगते. मालकाच्या चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. पुन्हा पाऊल ठेवणार नाही.'

सूप पातळ असतंच, आणि मला तसंच आवडतं. खुर्ची डुगडुगते हेही खरं. दर बुधवारी बटणांचा रिकामा पुठ्ठा नेऊन मीच पायाखाली घालते. आणि मालक हसत नाहीत म्हणून तर मी जाते तिथे! दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून माझाच जबडा दुखतो. म्हणजे शब्दन् शब्द खरा आणि सगळं मिळून खोटं.

छान वाटलं. शिट्टी वाजवत कात्री चालवली.

बुधवार, २४ सप्टेंबर

रांग नाही. टेबल आमचं! मास्तरांनी फोनवर नातीचे एकेचाळीस फोटो दाखवले. सगळ्यांत ती झोपलेली. टपालवालीने प्रत्येक फोटोला "अय्या!" केलं, थकली नाही. कॉफी सांडली, भांडलो, हसलो. मी किती हुशार आहे, हे फक्त या वहीलाच माहीत.

बुधवार, १ ऑक्टोबर

सूप दाट होतं.

चमचा उभा राहील इतकं. मैदा घातलेला, दुसरं काय! मालक बाहेर येऊन उभे राहिले. "कसं झालंय?" एकोणीस वर्षांत या माणसाने मला हा प्रश्न विचारलेला नाही. मी म्हटलं, "छान." तर ते हसले. दात दाखवून! मास्तरांचा पाव हातातच राहिला.

ऑमलेट आणताना पुन्हा हसले. पाणी ओतताना पुन्हा. टपालवाली कुजबुजली, "ताई, यांना बरं नाहीये का?"

बुधवार, ८ ऑक्टोबर

खुर्ची दुरुस्त झाली. पुठ्ठा घेऊन वाकले तर पाय चारही समान. नवा खिळा, वर पॉलिश. मालक काउंटरवरून बघत होते. "आता हलणार नाही, टेलरबाई." मी पुठ्ठा पर्समध्ये ठेवला.

आमच्याशिवाय खोलीत फक्त दोन माणसं. नवी गेली ठीक आहे, पण जुनी कुठे गेली? पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सा रोज येतात, त्याही नाहीत. वन्सं सारख्या रुमालाची टोकं पिळत होत्या. मास्तर नातीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज बघितलं. एक नाही, चार रिव्ह्यू आहेत! माझा, आणि आणखी तीन. कोण हे मेले?

एक म्हणतो, 'मेनूच्या फळ्यावरचं अक्षर गिचमिड. एकूण कामगिरी असमाधानकारक.' अरे, तू काय परीक्षा घ्यायला गेला होतास?

दुसरा म्हणतो, 'जागा सापडतच नाही. कोपऱ्यावर घराला नंबर नाही. फुकट चक्कर.' ज्याला कोपरा सापडत नाही त्याने घराबाहेर पडूच नये.

तिसरा तर कहरच! 'ऑमलेट वाईट. कॉफी वाईट. सगळं वाईट. माफ करा.' आधी दगड मारायचा आणि वर माफी मागायची!

असा संताप आला की सुई बोटात घुसली. माझं एक वेळ सोडा, मी प्रेमाने लिहिलंय. यांना काय अधिकार?

(चोराच्या उलट्या बोंबा. कळतंय मला.)

बुधवार, १५ ऑक्टोबर

मालक बंद करतायत.

कॉफी ठेवली आणि तिथेच उभे राहिले, हात ॲप्रनला पुसत. "महिनाअखेरीला थांबतोय. मुलगा केव्हाचा बोलावतोय तिकडे." मास्तर म्हणाले, "अहो, असं अचानक?" तेव्हा खिशातून कागद काढला. चारही रिव्ह्यू. स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलेले!

"गर्दी गेली त्याचं मला काही नाही," म्हणाले. "गर्दी मला झेपतही नव्हती. पण एकाने म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. चार जणं, वेगवेगळी, कशाला खोटं बोलतील? हात गेला माझा. सूप दाट केलं, तर नर्सा म्हणाल्या पहिलंच बरं होतं. आता मला चवीचं काही कळेनासंच झालंय. तुम्ही भिडेखातर येता, ते कळतं मला."

भिडेखातर! आम्ही!

चौघंही कपात बघत बसलो. मी, जिला बोलू नको म्हणून आई जन्मभर हात जोडत आली, ती गप्प बसले. करायला गेले काय आणि वरती झाले पाय.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सांगितलं तर काय होईल? ते मला दारात उभं करणार नाहीत. बाकीचे तिघं म्हणतील, ही आपली मैत्रीण? न सांगितलं तर तो माणूस हात गेला असं समजून मुलाच्या घरी बाल्कनीत बसेल. त्याचा हात! मी तापात पडले होते तेव्हा सहा दिवस डबा आणून दिला होता त्यांनी. तेच पातळ सूप. एक शब्द न बोलता दाराशी ठेवून जात.

रविवार, १९ ऑक्टोबर

एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. उसवत बसले. सांगणार.

बुधवार, २२ ऑक्टोबर

सांगितलं.

खोलीत आम्हीच होतो. मालक सूप घेऊन आले आणि मी उभी राहिले. म्हटलं, "दुखावलेलं गिऱ्हाईक मी आहे. गरम पाणी मी लिहिलं. खुर्ची मी, हसण्याचं पण मीच. आमचं टेबल परत हवं होतं मला, म्हणून लोकांना पळवायला लिहिलं. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. तुमच्या सुपासारखं सूप नाही. माझं चुकलं."

मी वन्संकडे बघितलं, आता हिच्या नजरेतून उतरणार म्हणून. तर वन्सं रडत होत्या! "वहिनी, 'माफ करा' मी लिहिलं."

"काय?"

"खोटं लिहिताना वाईट वाटलं गं. म्हणून माफी मागितली."

तेवढ्यात मास्तर खाकरले. काठी टेकत उभे राहिले, वर्गात उभे राहावेत तसे. "असमाधानकारक... ते माझं." आणि टपालवाली दोन्ही हातांनी तोंड झाकून, "पत्ता सापडत नाही! चौदा वर्षं मी इथे टपाल टाकते हो!"

चौघंही! प्रत्येकाला वाटत होतं आपणच तेवढे शहाणे! मी या लोकांना शनिवारी किती शिव्या घातल्या!

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडू. पण मालक हसले नाहीत. एकेकाकडे बघितलं. ट्रे टेबलावर ठेवला. ॲप्रन सोडला, घडी केली, काउंटरवर ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेले. आम्ही अर्धा तास बसलो. सूप गार झालं. कुणी चमचा उचलला नाही. शेवटी वन्संनी बशा धुतल्या, मी पुसल्या, टपालवालीने दार लोटून घेतलं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

कोपरा बंद.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

बंद. पडदे ओढलेले. माझेच पडदे.

रविवार, २६ ऑक्टोबर

चौघांनी आपापले रिव्ह्यू पुसायचे असं ठरलं होतं. मी काल रात्री फोन घेतला आणि पुन्हा ठेवला. पुसलं म्हणजे मी काही केलंच नाही असं होईल. त्यांनी मनाला लावून घेतलं ते काय पुसलं जाणार आहे? बाकीच्यांचंही तसंच झालं. वन्संना तर पुसायचं कुठे तेच सापडलं नाही.

मास्तरांचा फोन आला होता. म्हणाले, "बुधवारी चार वाजता मी काय करायचं हो?"

बुधवार, २९ ऑक्टोबर

फोन वाजला. माझ्या रिव्ह्यूखाली मालकाचं उत्तर. आज सकाळचं. जसंच्या तसं उतरवून घेते —

'आपलं म्हणणं बरोबर आहे. सूप पातळ असतं, यापुढेही पातळच राहील. खुर्चीचा खिळा काढला आहे, पुठ्ठा घेऊन यावे. मालक हसत नाही. तरी नवीन लोकांनी येऊन पस्तावू नये. बुधवारी चार वाजता तर मुळीच येऊ नये. खिडकीजवळचं टेबल चार खोटारड्यांसाठी राखून ठेवलं आहे.'

साडेतीन झाले. पुठ्ठा कुठे ठेवला मी?