पहिल्या नंबरचा बोर्ड

प्रिय शुन,

तुझा खोका मिळाला. कंपनीचा नवा मदरबोर्ड आणि खोक्यावर चिकटवलेली तुझी चिठ्ठी, की ताई, तू या वेळी लिहिशील त्या तुलनेत हा पहिला आलाच पाहिजे, नाहीतर माझं काही खरं नाही. आईकडून कळलं होतंच. वर्षअखेरीच्या जेवणात साहेबांनी ताटातल्या कोंबडीचं तोंड तुझ्याकडे वळवून ठेवलं म्हणे. हल्ली लोक ते गमतीत करतात, पण कोंबडी ज्याच्याकडे बघते त्याला नारळ मिळतो, हे तैपेईत पोरासोरांनाही ठाऊक आहे. आई फोनवर रडत होती. मला रडू आलं नाही. मला राग आलेला आहे, आणि वर्ष झालं तरी तो शिळा होत नाही.

ग्वांगहुआ बाजारातलं आपलं दुकान केवढं, तर दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने जिन्यात उभं राहावं. तरी लोक चकचकीत दुकानं ओलांडून आपल्याकडे येतात, कारण बाबा महागाची वस्तू मागणाऱ्याला, तुला एवढं लागत नाही रे, असं सांगून स्वस्तातली देतात. त्याच जिवावर मी संगणकाच्या मासिकात बोर्डांच्या तुलना लिहायला लागले, कोणता पहिला आणि कोणता शेवटचा. माझा नियम तुला पाठ आहे. बोर्ड दुसऱ्याच्या दुकानातून, साध्या गिऱ्हाइकासारखा विकत घ्यायचा. कंपनीने पाठवलेला खोका न उघडता परत. कंपन्यांची माणसं माझ्या पाठीमागे मला सासूबाई म्हणतात, आणि मला त्यात कधी वाईट वाटलं नाही.

गेल्या वसंतात महागड्या बोर्डांची तुलना होती आणि तू स्वतः आखलेला पहिला बोर्ड घेऊन आलास. मी म्हटलं, बाजारातून आणते. बाबांना ते लागलं. घरच्या पोराची वस्तू परक्याच्या दुकानातून विकत आणायची म्हणजे काय, म्हणाले. येईल त्या गिऱ्हाइकाला तो बोर्ड ते बाळ दाखवावं तसा दाखवत होते. शेवटी मी नियम मोडला आणि तू आणलेलाच यंत्रात बसवला, दिवसभर जड चित्रफिती चालवल्या, तो तापला नाही की अडखळला नाही. बाकीचे चार धापा टाकत होते. पहिला नंबर मी दिला तो भाऊ म्हणून दिला नाही. तेव्हा तू समोर बसून चहा पीत होतास, आणि मला वाटलं, पोरगं लाजतंय.

मग आपण दुकानातून विकलेले ते बोर्ड परत यायला लागले. जड काम दिलं की यंत्र आपोआप बंद. सगळ्यांत उशिरा फान काका आले, लग्नाच्या चित्रफिती बनवणारे, आपल्या लहानपणापासूनचं गिऱ्हाईक. उशीर का, तर त्यांना वाटलं, यंत्र गुणी राहावं म्हणून सगळे त्यावर ठेवतात ते हिरवं कुरकुऱ्यांचं पाकीटच मुदत उलटलेलं असणार, म्हणून यंत्र शहाण्यासारखं वागत नाही. त्यांनी नवं पाकीट आणून ठेवलं, तेही हिरवंच, आणि परत काम सुरू केलं. त्यात एका नवरीच्या लग्नाचं सगळं चित्रण गेलं. पाकिटावर संशय आला त्यांना, बोर्डावर नाही. बाबांना एवढंच म्हणाले, "शेठ, मी कंपनीचं वाचून घेतला नव्हता हो. तुमच्या मुलीचं वाचून घेतला."

मी दोन्ही बोर्डांची धातूची झाकणं काढली, त्यांचा आणि तू दिलेला. वीज पुरवणारे सुटे भाग वेगळे होते. तू दिलेल्यात उत्तम, त्यांच्यात हलके. रविवारी जेवताना तुला विचारलं तेव्हा तू वाटीतला भात ढवळत म्हणालास, "कंपनीच्या खरेदीवाल्यांनी नंतर बदलले, ताई. मला माहीत होतं. पण सगळेच तसं करतात. मुलगी दाखवताना नटवतातच ना?" बाबांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेक बोर्ड परत घेतला, प्रत्येकासमोर वाकून माफी मागितली. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. कोणी विचारलंच, की आखणारा तुमचाच मुलगा ना, तर हो म्हणायचे. मला ते बघवत नव्हतं, शुन. हे वय वाकायचं नव्हतं त्यांचं.

आता तुझ्या नव्या बोर्डाचं. खोका मी न उघडता परत करते आहे. पण त्याआधी चार गल्ल्या पलीकडच्या दुकानातून तोच बोर्ड विकत आणला. खात्री व्हावी म्हणून पुढच्या आठवड्यात शिंचू शहरातल्या दुकानातून दुसरा आणला. दोन्हींची झाकणं काढली, आतले भाग सारखेच निघाले, आणि उत्तम निघाले. मग त्यांच्यावर मी सगळा राग काढला. खिडक्या बंद करून खोली तापवली, काम संपूच दिलं नाही. ते हलले नाहीत. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर याहून चांगला बोर्ड आलेला नाही, आणि या वेळी तू कुणाशी तरी भांडला असशील, तेही मला दिसलं. बाबांना सांगितलं. ते बराच वेळ तो हातात धरून बसले, आणि म्हणाले, "चांगला झालाय. पण आपण कसं सांगणार?"

शुक्रवारी तुलना छापून येईल. तीत चारच बोर्ड आहेत, तुझा नाही. शेवटचा आला म्हणून नव्हे. तो पहिला आहे असं मी लिहिलं तर लोक हसतील, आणि फान काका हसणारही नाहीत, नुसते दुकानावरून पुढे जातील. कोंबडीने तुझ्याकडे बघितलं तर बघू दे, मी तिचं तोंड फिरवू शकत नाही. पण तुझं काम खरोखर पहिलं आलं, हे कुणीतरी तुला सांगायला हवं होतं, आणि ते मला जिथे सांगता येतं ती जागा आता फक्त हे पत्र आहे.

तुझीच,
श्यो-चिन ताई