लाल दोऱ्याची भांडी

११ फेब्रुवारी

आकडा खाली आलाच नाही! वर्षभर गव्हाचा कण तोंडात घातला नाही, आणि रक्ताचा रिपोर्ट म्हणतो — जैसे थे.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठेतरी खाताय तुम्ही."

मी म्हटलं, नाही खात.

"मग नकळत पोटात जातंय. सीलिएकमध्ये गहू चिमूटभरही चालत नाही, सांगितलं होतं ना? आतडं भरून यायचं नावच घेत नाही तुमचं. असंच चाललं तर हाडं पोकळ होतील. पुढचं आत्ता बोलत नाही." बोलत नाही म्हणून सगळं बोलले. वर पुन्हा तेच मदत गटाचं कार्ड पुढे केलं. गेल्या वर्षीचं मी घरी आल्या आल्या केरात टाकलं होतं.

परतताना दवाखान्याच्या कँटीनवरून आले. काचेमागे ब्रेड, केक, बिस्किटं. पूर्वी त्या वासानं भूक लागायची, आता ओकारी येते. एक गृहस्थ केक चहात बुडवत होते. अर्धा कपातच पडला. तो बोटानं काढला आणि बोट चाटलं. शी!

मी खात नाही. म्हणजे कोणीतरी खायला घालतंय. घरात स्वयंपाक वहिनी करते. कुठंतरी पाणी मुरतंय.

१२ फेब्रुवारी

सकाळपासून पोट. कामावर, ग्रंथालयातल्या बायकांच्या संडासाला कडी नाही — पायानं दार दाबून बसायचं. पोटात मुरडा, पाय दारावर, आणि बाहेर दोघींची कुजबुज: "परत हीच आत!" या वयात हे दिवस. स्वतःच्या शरीराचा इतका उबग मला कधी आला नव्हता.

बाहेर येऊन माझ्या पुस्तकबांधणीच्या खोलीत गेले. निदान तिथं कोणी येत नाही. टेबलाखालच्या पोत्यावर पाय टेकून बसले, जरा बरं वाटलं. कालची खळ जिभेला लावून पाहिली — आंबलेली! ओतून दिली, नवी शिजवली. उस्ताद म्हणायचे, खळ डोळ्यांना फसवते, जिभेला फसवत नाही. आंबूस खळीनं पुस्तक चिकटवलं की वर्षभरात कणा सुटतो आणि किडे लागतात. त्यांच्या हाताखाली शिकलेली मी एकटीच उरले. नव्या पोरींना ट्यूबमधला गोंद बरा वाटतो.

१५ फेब्रुवारी

वहिनीनं माझ्या भांड्यांच्या कानांना लाल दोरे बांधलेत! पातेलं, झारा, चाळणी — सगळं नटवून ठेवलंय. जसा काही मलाच संसर्ग झालाय.

वहिनी वयानं माझ्याहून लहान, मानानं मोठी. मला 'अहो ताई' म्हणते. आवाज इतका खाली, की आपणच ओरडतोय असं वाटावं.

"अहो ताई, म्हणजे चुकायला नको."

"आणि आईचा लाकडी कालथा कुठाय?"

"टाकला."

टाकला! आई गेल्यावर तिच्या हातचं म्हणून एवढंच उरलं होतं. विचारलं नाही, सवरलं नाही. कारण विचारलं तर म्हणे, लाकडात पीठ मुरतं. हे ज्ञान हिला कुठून झालं? दादा पेपरच्या आडून: "अगं, जाऊ दे ना." दादाचं आयुष्य 'जाऊ दे ना' म्हणण्यात गेलं.

१९ फेब्रुवारी

मोठ्या दुकानात आमच्यासारख्या आजाऱ्यांसाठी एक फळी निघाली आहे. ग्लूटेनमुक्त! पाकिटावर हसरी बाई. बिस्किट खाल्लं — पुठ्ठा. आणि पुठ्ठ्याची चव मला माहीत आहे, उगाच बोलत नाही.

२३ फेब्रुवारी

सुट्टी. गेले त्या मदत गटात. कानाला खडा!

एका शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक. गुडघे हनुवटीला लावून बसलेले पंधरावीस रोडके लोक. अध्यक्ष म्हणजे भाषणकाका — "आजाराला शत्रू मानू नका, मित्र माना!" हा मित्र काकांना संडासात भेटत नसावा. मग पिशवीतून बरण्या काढत एक पुडीवाली उठली. तिच्या चूर्णानं सीलिएक मुळापासून जातो. भाषणकाका मान डोलावत होते. कोणी उठून तिला बाहेर काढेल असं वाटलं. एकीनं एक बरणी विकत घेतली.

काढलं ते चौकशीबाईनं. तिथला मदतीचा फोन हीच घेते. केस पिकलेले, आवाज पोलिसाचा. पुडीवालीला म्हणाली, "बाई, बरण्या उचला, नाहीतर मी उचलते." एवढं एक छान झालं. पण नंतर ती माझ्याच मागे लागली.

"घरात चाळणी वेगळी आहे? औषधाच्या गोळ्या बघितल्या? ओठांना काय लावता?"

लावत नाही.

"काम काय करता?"

"नोकरी."

"तिथं हात कशाला लागतो? मला विचाराल तर माझं सगळं नातवाच्या खेळातल्या पिठानं बिघडत होतं. त्याला हत्ती करून द्यायची आणि त्याच हातानं तोंड पुसायची. सहा महिने सुनेला बोल लावला मी!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, मी खेळ खेळत नाही, आणि माझ्या कामाचं मी बघते.

तिला काही वाटलंच नाही. सगळ्यांना सांगायला लागली — एक बाई तिला दर आठवड्याला फोन करते. चाळणी बदलू का, तवा घासून चालेल का, भाजी चिरायची फळी टाकू का... आणि शेवटी रडते. "तेव्हा लाजू नका, विचारा!"

कोण ही रडूबाई! आजार मलाही आहे. मी रडते का?

मधल्या सुट्टीत चहा. बरोबर बिस्किटं — साधी, गव्हाची! म्हणे "सोबत येणाऱ्या नातेवाइकांसाठी". माझ्याबरोबर कोणीच नव्हतं. कपसुद्धा घेतला नाही.

५ मार्च

ताप. रजा. आठवडाभर अंथरुणातच राहावं लागणार.

८ मार्च

गंमत बघ. ताप आहे, पण पोट अगदी शहाण्यासारखं! सकाळी मुरडा नाही, मळमळ नाही. वहिनीनं भात, उकडलेला बटाटा आणि पातळ भाजी आणून दिली. सगळं पचलं.

का पचलं ते कळायला डॉक्टर नको. मी दिवसभर घरात, माझ्या खोलीतून स्वयंपाकघर दिसतं. नजरेसमोर असले की सगळं नीट होतं. म्हणजे येतं तिला नीट करायला!

१२ मार्च

काल कामावर रुजू झाले. दुसऱ्याच दिवशी पोट पुन्हा तसंच. आजचा डबा वहिनीचा. अजून काय पुरावा हवा?

१३ मार्च

डबा न उघडता संडासाशेजारच्या कचऱ्यात ओतला. तिथंच शोभला.

१५ मार्च

आज बोलले. मनात साठलं होतं ते सगळं.

जेवायला तिघं बसलो होतो. वहिनीनं माझं ताट पुढे केलं, दोरा बांधलेल्या पातेल्यातून वाढलं. मी ताट मागे सारलं. म्हटलं, "दोरे बांधून पाप झाकलं जात नाही, वहिनी. मला मारायचं असेल तर एकदाच मार, असं थोडं थोडं नको."

दादाचा घास हातात. वहिनीनं पातेलं खाली ठेवलं.

"ताई, मी खरंच..."

"रिपोर्ट खोटा आहे का? तू घरात काय काय मिसळतेस ते माझं रक्त सांगतंय!"

मग उठले, कात्री आणली — पुस्तकांची, धारदार — आणि एकेक दोरा कापला. पातेल्याचा, झाऱ्याचा, चाळणीचा. ती भिंतीला टेकून उभी. एक शब्द नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं! गप्प राहणाऱ्या माणसांची मला शिसारी येते. दादा म्हणाला, "बास." आयुष्यात पहिल्यांदा 'जाऊ दे ना' न म्हणता.

१६ मार्च

वहिनी माहेरी गेली. सकाळच्या गाडीनं. पिशवी एकच.

दादा माझ्याशी बोलत नाही. बाहेरच जेवतो.

१९ मार्च

नवी पातेली, नवा चमचा, नवा तवा. घरातलं गव्हाचं सगळं खालच्यांना देऊन टाकलं. स्वयंपाकघर घासून काढलं — ओट्याच्या फटीतून काडीनं काढलेली घाण बघून दोनदा ओकारी आली. मग लक्षात आलं, घाण अशी नव्हतीच फारशी. मीच उकरत होते.

स्वतः शिजवते. करपतं. पण निर्धास्त! आता बघू आकडा कसा खाली येत नाही.

२२ मार्च

पोट.

२४ मार्च

पुन्हा. पायानं दार दाबून बसले होते आणि डोक्यात एकच — आता कोण? दादा ओट्याला हात लावत नाही. पाणी बदललं, मीठ बदललं. घरात माझ्याशिवाय शिजवणारं कोणी नाही. पाहुणे नाहीत. भांडी माझी. हात माझा.

मग कोण घालतंय?

२५ मार्च

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

सकाळी नेहमीसारखी खळ केली. पोत्यातून दोन मुठी, पाणी, ढवळायचं, गाठी मोडायच्या, उकळी. आच बंद केली. बोटावर थोडी घेतली, फुंकली, जिभेवर ठेवली. छान शिजलेली.

आणि बोट तोंडापाशीच राहिलं.

खळ मैद्याची असते. मला माहीत आहे! शिकल्यापासून माहीत आहे. मैद्याच्या पोत्यावर मी पाय टेकून बसते. पोतं खालीवर केलं की त्याचा धुरळा माझ्या नाकातोंडात. पण तो मैदा नाही, ते सामान. खळ चाखते, खात नाही. रोज सकाळी, कधी दुपारी पुन्हा. तापात मी घरी होते, तेव्हा नाही. डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं, मी खाण्याचं सांगितलं. चौकशीबाईनं तर सरळ तोंडावर विचारलं — हात कशाला लागतो?

नळाखाली तोंड धरलं. जीभ घासली, सोलून निघेस्तोवर. केक चाटणाऱ्या त्या गृहस्थाला मी शी म्हणाले होते. तो बापडा निदान काय खातोय ते जाणून खात होता. माझ्यासारखी घाणेरडी बाई मीच. आणि मी जिभेची घाण म्हणत नाही. जिभेवरून बाहेर पडलं त्याची म्हणते.

उस्ताद असते तर त्यांना काय सांगितलं असतं? त्यांनी शिकवलेलं एवढंच तर मी जिवापाड जपलं.

पोतं दुसऱ्या खोलीत द्यायला सांगितलं. साहेबांनी कारण विचारलं. "मला चालत नाही," म्हटलं. वर्षात पहिल्यांदा हे कामावर कोणाला सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग आधी का नाही बोललात?"

दादाला सांगितलं. त्यानं पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "हे मला सांगून काय होणार?"

२६ मार्च

चौकशीबाईला फोन केला. खळीचं सांगितलं. वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, तांदळाच्या पिठाची करून बघा, आणि चाखायची सवय मोडा. मग एकदम — "थांबा, पुस्तकं बांधता तुम्ही? म्हणजे त्या ताई तुम्हीच! अहो, लाल दोरा मीच सांगितला तुमच्या वहिनींना. कालथाही मीच टाकायला लावला. वर्ष झालं, फोन करतात. तुम्ही केरात टाकलेलं कार्ड उचललं म्हणे त्यांनी. परवा माहेराहून केला होता. ताई एकट्याच करून खातात, त्यांना पटकन जमेल असं काहीतरी सांगा, म्हणत होत्या."

विचारलं, रडत होती का.

"त्या रडतातच हो."

वहिनीच्या शिवणाच्या डब्यात लाल रीळ सापडलं. सगळ्या भांड्यांना पुन्हा दोरे बांधले. वहिनीच्या माहेरची गाडी दुपारची आहे. दादा म्हणतोय, आधी फोन कर. नाही करत. फोनवर तोंड लपवता येतं.