गोळीतली माया

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही यायनं, माह्या नवऱ्यानं, माहे केस विंचरले. दुपारचं जेवण झालं की फणी घेऊन मागं बसते माणूस! बत्तीस वर्षं संसार केला, कधी पाठीवरून हात फिरवला नाही. यायच्या हाताच्या कापऱ्यासाठी बुलढाण्याच्या डॉक्टरनं नवी गोळी देल्ली — दिवसाले दोन — तवापासून हात कापाचा थांबला अन् माणूस बदलला. शेजारची तानाबाई म्हणे, "गुलाबरावले म्हातारपणी पालवी फुटली वं माय!" मी लाजली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, लाजली.

९ नोव्हेंबर, रविवार

दोन तास विंचरत होते. चहा थंडगार झाला. "पुरे ना आता" म्हटलं तं म्हणे, "थांब ना जनका, थोडंसं." जनका! आजवर "ऐकलं काय"च्या पुढं गेले नव्हते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डोस्क्याची साल निघाली. फणीले रक्त लागलं. खोबरेल लावलं, पदर घेतला. थांबवलं अन् मंग कधीच नाही विंचरलं तं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

रोहिणखेडहून पायल आली, माह्या भावाची पोरगी, सुटीत घरी आलेली. बंगलोरले मेंदूच्या पेशींवर शिकून राह्यली, उंदराईच्या मेंदूच्या. माहा पदर सरकला अन् तिनं पाह्यलं. "आत्या, हे काय?" सारं सांगा लागलं. गोळ्यांचं पाकीट मागून वाचलं पोरीनं. मंग म्हणे, "हे गोळीनं होऊन राह्यलं असन. एकच काम करत राहावंसं वाटते माणसाले."

मेंदूत एक जागा आहे म्हणे, काही मिळालं की बरं वाटाची. तिथल्या पेशी दिसाले सारख्या, पण हरेकीच्या आतले रेणू वेगळे, म्हणून कामं वेगळी. किती जाती आहेत तेच अजून मोजून राह्यले तिच्या लॅबमधे. म्हटलं, सरकीसारखंच हे — दाणे सारखे, पेरल्यावर वाण कळते. "हाव आत्या. पण गोळी वाण पाहत नाही. हातासाठी घेतली, तं इकडंही पोचते." अन् म्हणे, हवंसं वाटाच्या पेशी वेगळ्या, आवडाच्या वेगळ्या.

"मंग यायले निसते केस हवे होते? मी नाही?"

"ते नाही सांगता येत, आत्या. कोणालेच नाही येत अजून."

खोटं बोलली असती तं काय बिघडलं असतं तिचं!

१९ नोव्हेंबर, बुधवार

पायल संगं आली डॉक्टरकडं. एक गोळी कमी केली. म्हणे हात कापतील थोडे, पण हा नाद सुटेल, अन् सुटलाच पाहिजे, नाहीतं वाढत जाते. यायनं खाली मान घालून ऐकलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नाद सुटला. जेवतात अन् भिंतीकडं तोंड करून झोपतात. वाटीतलं वरण सांडते, मी पुसते. माह्या डोस्क्यावर खपली धरली. दुपारभर रडली मी. कायचं रडू आहे ते कोणाले सांगाची सोय नाही. कोणी मेलं असतं तं लोक बसाले तरी आले असते.

३ डिसेंबर, बुधवार

लाज सोडली आज. फणी मीच यायच्या हातात देल्ली अन् पुढं बसली. यायनं ती उलटीसुलटी करून पाह्यली. म्हणे, "काय करू हिचं?"

७ डिसेंबर, रविवार

सकाळी दोन गोळ्या देल्ल्या. "ही दुसरी कायले?" म्हणे. डॉक्टरनं वाढवली, म्हटलं. "बरं" म्हणे, अन् गिळली.