मोंबासासाठी बारा लेकरं

२ डिसेंबर १९३४, वडनेर भोलजी
आजपासून रोज लिहिणार. आफ्रिकेतल्या मोंबासाच्या एका धर्मादाय दवाखान्याला लहान मुलांचा डॉक्टर हवाय, बिनपगारी. तो मीच. या गावात जीव रमत नाही, सकाळपासून ओसरीवर येरझाऱ्या घालतोय. खामगावहून उन्हाची साहेबी सोला हॅट आणली. शकुंतलेने विचारलं, तिथं ज्वारीची भाकर भेटते का. बायकोला ध्येय कळत नाही. प्रतिमा (आमची एकुलती, वय अकरा महिने) हॅट पाहून रडली. सवय होईल.

५ डिसेंबर
दवाखान्याच्या मुंबई कचेरीतून फॉर्म आला. वर्षभरात तपासलेल्या पाच वर्षांखालच्या बारा मुलांची नावं हवीत. प्रत्येक नावापुढे दोन रकाने, एक पालकाचा, एक डॉक्टरचा. सही किंवा अंगठा. मुदत महिनाअखेर. किरकोळ काम. रजिस्टर काढलं. तीन निघाली. त्यातलं एक उकंडरावांचं वासरू. उरलेली दोन दारातूनच तपासली होती, घरच्यांनी आत येऊ दिलं नव्हतं.

८ डिसेंबर, दुपार
सतरा घरं फिरलो. गेल्या साली मी लेकरांना देवी टोचल्या, तेव्हापासून लोक माझा आदर करतात. एकाही घरात मूल नाही. झुंबरबाई म्हणाली, "लेकरं मामाच्या गावाले गेले." सतराही घरांत हेच उत्तर. तिच्या घरात वेचून आणलेल्या कापसाचा ढीग आढ्याला लागलेला. ढीग शिंकला. दोनदा. मी सभ्य माणूस, निरोप घेऊन निघालो. पण ही दोन मुलं धरावीत की एक, हे ठरेना.

१२ डिसेंबर
लेकरं सापडली. अकरा. अंबूबाई सुईणीच्या अंगणात. ती सहाणेवर गुटी उगाळते, पाय पसरून लेकरू नडग्यांवर आडवं घेते आणि चाटवते. कुणी रडत नाही. मी स्वच्छतेवर बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एक लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. घरी येऊन पॅन्ट बदलली. मूत्रपिंडं उत्तम आहेत. नाव लिहून घेण्याआधीच आई त्याला घेऊन गेली.

१५ डिसेंबर
प्रतिमाला ताप, खोकला. दात येताहेत. स्टेथोस्कोप पाहिला की आकांत करते, म्हणून निदान लांबूनच केलं. शकुंतला म्हणाली, दाताचं नाही वाटत, श्वास कशी घेऊन राह्यली पाहा तरी. मी विचारलं, घरात डॉक्टर कोण आहे. मग तिने जेवायला वाढलं नाही.

१६ डिसेंबर, सकाळी सात
शकुंतला मला न विचारता अंबूबाईला घेऊन आली. अंबूबाईने झबलं वर केलं. "दाताचं नोहे हे. फासोळ्या उडून राह्यल्या पोरीच्या. थे टोपी काढा आन् तुमची नळी लावा. मी धरतो तिले." नडग्यांवर घेतल्याबरोबर प्रतिमा गप्प. नळी लावली. छातीची उजवी बाजू भरलेली. न्यूमोनिया. कालपासून माझ्याच घरात होता. इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

२१ डिसेंबर
जवसाचं पोटीस मी सांगायचं, अंबूबाईने बांधायचं. औषध मी मोजायचं, तिने पाजायचं. पाच दिवस ती घरी गेली नाही. आज ताप उतरला. मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

२४ डिसेंबर
पुन्हा चैन नाही. अंबूबाईला विचारलं, आफ्रिकेला चालता का. तुम्ही धरा, मी तपासतो. तिने विचारलं, मलकापूरच्या पल्याड हाये का. हो म्हणालो. मंग सांजच्या भाकरीले वापस येनं होत नाही, म्हणाली.

३० डिसेंबर
उद्या मुदत. आज टपालात टाकायलाच हवा. फॉर्म शकुंतलेने आधीच भरायला घेतला होता. नाव एकच, प्रतिमा. पालकाच्या रकान्यात तिने माझी सही मागितली. केली. मग मी डॉक्टरच्या रकान्यात सही करायला टाक पुढे नेला. तिथे अंबूबाईचा अंगठा होता. शाई अजून ओली होती.