फार्महाऊसमागची पायवाट

मोहोपाडा, ७ जुलै २०२४
चि. जनास वनिताताईचे अनेक आशीर्वाद.
वाडीत फोन लागत नाही, म्हणून दूधवाल्या टेंपोसोबत हे पत्र. फार्महाऊसचा राखणदार हाकलतो म्हणून ओढ्याकडून जाऊ नका, पाणी चढलंय. पायवाट गावाची आहे, नकाशात आहे. आणि पोरांच्या गलोली घरी ठेवायला लाव. पाखरं मारत शाळेला जातात म्हणून लोक आपल्याला रानटी म्हणतात, मला फार लागतं. हातात पुस्तक असलं की कुणी अंगावर येत नाही. हसू नकोस, ताई बी.ए. झाली, उपदेश करणारच! लोभ असू दे.

वाडी, १२ जुलै
ती. ताईस जनाचा शि. सा. न.
गलोली मीच गोळा करून कणगीत टाकल्या. सोमवारी राखणदाराने कुत्रं सोडलं. कुत्र्याने पहिलीतल्या हिरूला दप्तराला धरून फरफटवलं. मी पुस्तक पुढे केलं, तर माझी पोटरी फाडली. वरून राखणदाराची काठी. म्हणे, परत दिसलात तर तंगड्या तोडीन. बाने जाऊन त्याचा हात मोडला. बाला पोलिसांनी नेलंय. आई म्हणते, शाळा बास, उद्यापासून भातलावणीला चल. तुजी ताई कुत्र्याला नकाशा दावंल काय गं? मला नववी सोडायची नाही. काय करू? माया असू दे.

मोहोपाडा, १४ जुलै
चि. जनास आशीर्वाद.
चूक माझी. गलोल तुमची राखण होती, मी लाजेपोटी काढून घेतली. बाला जामीन मिळाला, आपलीही तक्रार नोंदवली. आईला सांग, शाळेतून नाव काढायचं नाही. मी रविवारी येते, आठवडाभर तुमच्यासोबत चालते. तोवर घरीच थांब. रागावू नकोस, तुझीच आहे.

वाडी, १८ जुलै
ती. ताईस शि. सा. न.
थांबले नाही. सोमवारी सकाळी सगळी पोरं दारात उभी होती, आई अडवू शकली नाही. कुत्रं पुन्हा सुटलं. आम्ही लहानांना मधे घेऊन दगड उचलले. ते निपचित पडलं तरी हिरू मारतच होती. तिचा हात धरला तर मलाच चावली. राखणदार प्लास्टरचा हात सांभाळत गेटाआडून बघत राहिला.
घंटेआधी पोचलो. हिरूने हात धुतले आणि खिचडी दोनदा मागून खाल्ली.
आता वाट मोकळी आहे, सोबत नको. तरी ये. राखणदाराला कधी मारायचं, असं हिरू रोज विचारते, आणि बाकीची पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. तुझी माया असू दे, आणि रविवारची वाट बघू नकोस.
जना