जळोचीच्या अंगणातलं ठिगळ

आबा, तुम्ही गेलात त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. परवा इंदापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवायला थांबलो होतो. अंगणात प्लास्टिकचं गवत अंथरलेलं, आणि त्याची एक कड उचकटलेली. मी ती पायानं दाबून बसवायला लागले, तर थोरल्याची मुलगी म्हणाली, "आत्या, राहू दे की, आपलं आहे का ते?" मी पाय काढून घेतला. तिला काही सांगितलं नाही. सांगायचं ते तुम्हालाच होतं, आणि त्यातलं निम्मं तुम्हाला माहीत आहे.

त्या वर्षी मी नांदणं सोडून निरवांगीला माहेरी परत आले होते. मग बारामतीला लागून जळोचीत डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात स्वयंपाकाचं काम मिळालं, राहायला मागची खोली मिळाली. हे काम सुटलं तर मला पुन्हा सासरी घालवायची, असं भावकीनं ठरवलं होतं. तुम्ही त्या बैठकीत खाली मान घालून बसला होतात. मी दाराआडून बघत होते. बंगल्याच्या पुढच्या अंगणात बाईंच्या जावयानं मुंबईहून आणून बसवलेलं हिरवं प्लास्टिकचं गवत होतं. तसलं गवत तेव्हा बारामतीत कुणी बघितलं नव्हतं. लोक फाटकाशी थांबून बघायचे. बाई त्याच्यावर चपला घालून कुणाला जाऊ देत नसत.

बाईंची मुलगी बाळंतपणाला आली होती. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायची शेगडी रोज मी पेटवायचे आणि त्यात ओवा टाकायचे. एके दिवशी खोलीत धूर फार झाला म्हणून मी शेगडी तशीच उचलून बाहेर आणली. हात पोळला, शेगडी कलली आणि दोन निखारे गवतावर पडले. मी ते पायानं उडवले, तोवर प्लास्टिक वितळून तळहाताएवढा काळा खड्डा पडला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी शेगडी घेऊन आत गेले आणि कणीक मळायला बसले.

बारसं चार दिवसांवर आलेलं. बाईंनी खड्डा बघितला आणि थेट माळीमामांना हाक मारली. मामा पन्नाशीचे, अबोल. कोपऱ्यात पाला पेटवायची त्यांना सवय होती. "ठिणगी उडाली असणार तुमचीच," बाई म्हणाल्या. मामा म्हणाले, "आज पालाच पेटवला न्हाय, बाई." बाईंनी ऐकलं नाही. उद्यापासून येऊ नका म्हणाल्या. मामांनी खुरपं धुऊन कट्ट्यावर ठेवलं आणि सायकल घेऊन गेले. मी खिडकीतून ते सगळं बघितलं. मग मीच बाईंना म्हणाले की आमचे आबा घोंगड्याच्या पट्ट्या जोडतात, त्यांना हे जमेल.

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आलात, पिशवीत दाभण आणि जाड दोरा घेऊन. मेंढरं विकून तेव्हा तुम्हाला बरीच वर्षं झाली होती, तरी गवतावर उकिडवे बसलात ते मेंढराच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवतच. वितळलेला भाग चौकोनी कापून काढलात. टाकीमागच्या कोपऱ्यातला तुकडा आणून बसवलात, तर तो जास्तच हिरवा दिसला, कारण त्याला ऊन लागलेलं नव्हतं. मग तो काढून फाटकाजवळच्या कडेचा उन्हात विटलेला तुकडा आणलात. तरीही तो वेगळा दिसत होता. तुम्ही हसलात. "लव उलटी बसलीया," म्हणालात आणि तुकडा फिरवून ठेवलात. रंग जुळला. खालून पोत्याचं कापड, त्यावर चपलेला लावतात ते सोल्युशन, कडेनं बारीक टाके. मी चहा घेऊन उभी आहे आणि तुम्ही मान वर न करता कापून काढलेला काळा गोळा माझ्यापुढं धरता.

"वास घे."

मी घेतला. ओव्याचा वास होता.

"माळी पाल्यात ओवा टाकत न्हाय," तुम्ही म्हणालात. "तू सांगतीस का मी सांगू?"

"काम जाईल, आबा. मग मला तिकडं धाडतील."

तुम्ही दाभण पिशवीत ठेवलं. "कोण धाडतंय बघतो. तवा बोललो न्हाय, ती माझी चूक. पन दुसऱ्याच्या पोटावर पाय दिऊन हितं ऱ्हायचं न्हाय."

मी आत जाऊन बाईंना सांगितलं. त्यांच्या मांडीवर बाळ होतं. "तेव्हाच का नाही बोललीस?" त्यांनी एवढंच विचारलं, आणि म्हणाल्या, "जा, कुकर लाव." माझं काम राहिलं. मामांना निरोप गेला, पण ते आले नाहीत. त्यांनी माळेगावच्या साखर कारखान्यावर हंगामाचं काम धरलं होतं. बारशाला आलेल्या एकाही बाईला ठिगळ ओळखू आलं नाही. पुढं मला सासरी पाठवायचा विषयही निघाला नाही. भावकीत तुम्ही काय बोललात ते मला कुणी सांगितलं नाही.

महिन्यानं मी घरी आले तेव्हा तुम्ही पहिल्यांदा एवढंच विचारलंत. "माफी मागाया गेली हुतीस का त्या माळ्याकडं?" मी म्हणाले, "व्हय, गेले हुते. राग न्हाय त्यांचा. च्या पाजला त्यांनी." तुमचा चेहरा सैल झाला. नंतर कितीतरी जणांना तुम्ही ते सांगितलंत, माझ्यादेखत, शेवटच्या आजारपणातसुद्धा.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून लिहिता येतंय. आबा, मी माळेगावला गेले होते एवढंच खरं. कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग होती आणि मामा बैलांच्या पायातलं पाचट ओढत होते. मी रस्त्याच्या पलीकडे थोडा वेळ उभी राहिले. त्यांनी मला बघितलं नाही. मग बारामतीची गाडी आली, आणि मी बसले.