फुंकणीवाली गाडी

१२ जानेवारी, रविवार

शर्त लागली! जेवता जेवता. वांग्याची भाजी ताटात थंड झाली अन् बाप-लेक एकमेकाच्या तोंडाकडे पाह्यत बसले.

गोष्ट अशी. आमचं वावर कोळशाच्या खाणीत गेलं. त्याच्या बदल्यात घरच्या एकाले नोकरी भेटते. सातबारा माह्या नावाचा, म्हणून नाव सांगून अंगठा मी द्याचा. वीस तारखेले, सोमवारी, भद्रावतीच्या हापिसात. नाव तं ठरलंच आहे म्हणते सारे — माहा नातू प्रफुल. घरात पोट्टा एकच. त्याचा बाप, माहा लेक देवराव, खाणीवर डंपर चालवते. त्याले वाटते लेकानंही पगाराले लागावं. लेकाले वाटते आपण गॅरेज करावं, इंजिनं खोलावे, अन् जन्मभर नखं काळे ठेवावे.

अन् ती गाडी! भंगारातून आणलेली जुनी मारुती. तिच्यात त्यानं टर्बो बसवला, घरच्या घरी, गोठ्यात. आता बैल नाई गोठ्यात, गाडी आहे.

देवराव म्हणे, "लय पळते ना तुही गाडी? शर्यतीत पळव. चारशे मीटर पंधरा सेकंदाच्या आत आली तं कर गॅरेज. नाई आली तं सोमवारी मुकाट्यानं खाणीवर."

प्रफुल म्हणे, "मंजूर."

सून म्हणे, "भाजी घ्या."

खुशबूले कोणी विचारलंच नाई. लिहून घे व, तूही होती तिथी. प्रफुलची लहान बहीण, बी.ए.ले, माहं सारं हीच लिहिते. मी बोलते अन् ही मधी मधी हासते. हासणं लिहू नको.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. प्रफुलले तिळगुळ देला, म्हटलं गोड बोल. म्हणे, "आजी, क्लच प्लेट भेटली!" याच्यापेक्षा गोड त्याले काही येत नाई.

१६ जानेवारी, गुरुवार

आज गाडी चालू केली. शेजारच्या कोंबड्या छपरावर गेल्या, अजून उतरल्या नाई.

मी विचारलं, "टर्बो म्हणजे काय गा?" त्यानं अर्धा घंटा सांगितलं. मले समजलं ते एवढं — गाडीचा जो धूर मागून जाते, तो जाता जाता एक पंखा फिरवते. तो पंखा दुसरा पंखा फिरवते. तो इंजिनात हवा कोंबते. मंग इंजिन जास्ती पेट्रोल पेते अन् खवळते. म्हटलं, "सरळ सांग ना, फुंकणी आहे! चुलीत फुंकलं का जाळ उठते." म्हणे, "हो आजी. पण चूल स्वतःच फुंकते." घ्या! माह्या उमरीत अशी चूल असती तं माहे डोळे एवढे जळले नसते.

सांजच्याले गाडी वावराच्या रस्त्यानं नेली. आधी प्रफुलनं चालवली, मंग खुशबूनं. ती लायसन काढून बसली आहे केव्हाची. तिचं नावही त्यानं शर्यतीत टाकलं, एका गाडीवर दोघं चालतात म्हणे. देवरावले सांगितलं नाई. मीही सांगितलं नाई. मले कोणी विचारलं नाई ना!

१७ जानेवारी, शुक्रवार

उद्यापासून दोन दिवस शर्यत. मी पण जाणार. सून म्हणे, तुमचं तिथी काय काम? म्हटलं, इथी काय काम आहे?

१८ जानेवारी, शनिवार

अंग दुखते, पण सांगतेच.

शेजारच्या पोचूभाऊच्या पिकअपवर गाडी चढवली. मी समोर बसली. पोचूभाऊ म्हणे, "बाई, तुमी अन् शर्यत?" म्हटलं, "तू चालव गा. मी रस्ता सांगते." रस्ता मले मालूम नव्हता.

जागा म्हणजे बंद पडलेली विमानपट्टी. सरळ, काळी, दूरपर्यंत. एका वक्ती दोन गाड्या सुटते, बाजू-बाजूनं. समोर दिव्याचा खांब. हिरवा लागला का पळा. ॲम्बुलन्स उभी, डोक्यावर हेल्मेटाचं टोपं, सारं कायद्यानं. सुटायच्या आधी टायर जागच्या जागी फिरवते अन् धूर काढते. त्यानं रबर गरम होते, रस्ता धरते. नागपूरचे पोट्टे त्या धुरात उभे राहून फोटो काढते. मी पदर नाकाले लावला.

आता नारळ. शुभ काम नारळाशिवाय कसं होईन? मी पोचूभाऊचा हात धरून गेली अन् जिथून गाडी सुटते त्या रेषेवरच फोडला. दणक्यात! पाणी सांडलं — अन् शिट्ट्याच शिट्ट्या! पिवळ्या जाकिटाचे चार पोट्टे धावत आले. "आजी, रेषेवर पाणी? टायर घसरते ना!" पोतं आणलं, पुसलं, वाळवलं. तोवर नागपूरच्या चमकत्या गाड्या रांगेत उभ्या. माईकवाला म्हणे, "चंद्रपूरच्या आजीनं शर्यत थांबवली आहे!" प्रफुल गाडीखाली लपला. खोबरं मात्र साऱ्याईनं खाल्लं. त्या चौघाईनं पण.

मंग प्रफुलची पाळी. तीनदा पळवली. तिन्ही वक्ती सोळाच्या वर. आकडे मले येत नाई. मी पोरायचे तोंडं वाचते. खुशबूचं तोंड तिन्ही वक्ती एकसारखंच उतरलं.

पण कान आहे ना मले. गाडी सुटे, फुंकणी शिट्टी मारे, आवाज चढत जाये — अन् मधीच दबे. तिन्ही वक्ती, एकाच जागी. खुशबू म्हणे, "दादा, तू पाय काऊन काढतो?" तो म्हणे, "इंजिनात ठकठक ऐकू आली." दुसऱ्या वक्ती म्हणे, "गरम झाल्यासारखं वाटलं." तिसऱ्या वक्ती बोनेट उघडून त्याच्यावर हात ठेवून उभा राह्यला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवते तसा.

येता येता मी त्याले पटाची गोष्ट सांगितली. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलायची शर्यत. माहा बुढा, याईचा आजा वारलू, बैलजोडी ठेवे. पण पटात कधी स्वतः हाकली नाई! धुरकरी दुसरा, मूल गावावरून बोलवलेला. कोणताच शाहणा मालक आपली जोडी आपण हाकत नाई. ज्याले रातभर कुटार चारलं त्याच्यावर हात उठत नाई. बुढा तं जोडी सुटली का पटाकडे पाठ करून उभा राहे. लोक ओरडले का समजे, जिंकली का हारली.

प्रफुल म्हणे, "आजी, गाडी बैल नाई."

म्हटलं, "हो गा. बैल शेण तरी देते."

हासला नाई. आज पहिल्यांदा हासला नाई.

१९ जानेवारी, रविवार

हिचं मन अजून गाडीतच आहे. अक्षर वाकडं आलं तं येऊ दे. लिही.

सकाळी प्रफुलनं एकदा पळवली. पुन्हा सोळा. गाडीतून उतरला अन् डोक्यावरचं टोपं काढून खुशबूसमोर धरलं. "तू हाक," म्हणे. "मी ऐकतो अन् माहा पाय उठते. तुले ऐकू येत नाई."

खुशबू म्हणे, "येते. मले पण येते."

"तुनं नाई बनवली ना पण."

टोपं तिले मोठं झालं, आतमधी तिचाच दुपट्टा कोंबला. तेवढ्यात पाह्यते तं समोरून देवराव! रातपाळी करून सरळ आलेला, कानात कोळसा तसाच. म्हटलं झालं, आता पोरीले टोप्यासकट घरी नेते. म्हणे, "माय, तू बीपीची गोळी विसरली." गोळी मी सकाळीच घेतली होती, त्यालेही मालूम होतं. मी पुन्हा घेतल्यासारखं केलं अन् पदरात ठेवली. लेकाची इज्जत राखा लागते कधी कधी.

देवराव गाडीजवळ गेला. खुशबू आत बसलेली. मंग त्यानं वाकून आत पाह्यलं, म्हणे, "पट्टा कस. अजून कस." मंग म्हणे, "ही गाडी तुह्या भावाची समजूच नको. कंपनीची समज अन् हाक!"

पोचूभाऊ इतका हासला का खाली बसला. प्रफुल पण हासला. हासला!

पहिल्या वक्ती सुटताना गाडी बंद पडली. नागपूरचे पोट्टे म्हणे, "दीदी, स्कुटी नाई ती!" लिही ना व, लाजते काय? बंद पडली तं पडली.

दुसऱ्या वक्ती आवाज दबला नाई. मी डोळे मिटून ऐकलं. त्या जागेवरून सरळ चढत गेला. पंधरा अन् वर थोडं. प्रफुल गाडीच्या मागं मागं पळत गेला, एवढं जाडं अंग घेऊन. देवराव खुशबूले हातानं दाखवे — क्लच असा सोड, एकदम नाई, अन् गिअर बदलताना घाबरू नको, तो तुटन तं तुटन. डंपरवाला शिकवून राह्यला अन् त्याच्याच शर्तीच्या इरुद्ध! त्याले ध्यानात होतं का नाई, देव जाणे.

शेवटची पाळी. बाजूले नागपूरची लाल गाडी. हिरवा लागला — अन् आमची पुढं! मी खुर्चीवरून उठली. लाल मागं, आमची पुढं, फुंकणी अशी वाजे का दात शिवशिवले. अन् रेषेच्या थोडं अलीकडे — फट्ट! मले वाटलं टायर गेला. गाडी नुसती घरंगळत गेली.

लाल गाडी मागंच राह्यली. पण आमची शर्त लाल गाडीशी नव्हती.

मी बोर्डाकडे नाई पाह्यलं. देवरावकडे पाह्यलं. त्याचं तोंड असं झालं, जसं तोच हारला. पंधरा टिंब शून्य चार. डोळा लवते तेवढंही वर नाई म्हणे.

प्रफुल आधी बहिणीपाशी गेला, तिचं टोपं काढलं, डोक्यावर टपली मारली. मंग बोनेट उघडलं. हवेचा पाइप निसटला होता. तो कसणारी लोखंडी पट्टी, बोटभर, ढिली राह्यली. ती त्यानंच कसली होती. पट्टी घेऊन बापासमोर आला, म्हणे, "बाबा, शर्त शर्त आहे. उद्या येतो मी हापिसात."

देवराव म्हणे, "पट्टी कोणत्या मापाची लागते?" अन् दुसरीकडे तोंड करून उभा राह्यला.

येताना पिकअपमधी ही — हो, तूच — बापाले विचारत बसली. तुमच्या डंपरले टर्बो आहे का? घाटीत भरला डंपर कसा उतरवता? बिरेक तापते का? शिडी चढून केबिनमधी बसलं का खालचा माणूस दिसते का? देवरावची झोप उडाली. सांगता सांगता त्याचे हात हवेत स्टेअरिंग फिरवाले लागले. प्रफुल खिडकीतून बाहेर पाह्यत होता.

मी डोळे मिटून होती. सारे समजले बुढी झोपली.

२० जानेवारी, सोमवार

अंगठा देला.

साहेब म्हणे, "आजी, नातवाचं नाव सांगा." म्हटलं, "नातू बाहेर बसला आहे, त्याले बसू द्या. लिहा — खुशबू देवराव."

देवराव खुर्चीवरून उठला. म्हणे, "माय!" म्हटलं, "शर्त तुमच्या दोघायची. वावर माहं." तो पुन्हा बसला.

साहेबानं हिच्याकडे पाह्यलं. "खाणीत काम करशीन का, बाई?" त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ही म्हणे, "डंपर चालवाले भेटन का?"

लिही व पोट्टे. थांबली काऊन?